फिरून आल्यावरची संत्रा बर्फी: बक्षीस म्हणून दुसरं काय?

मनीषनगरची आई:
नमस्कार, नागपूरहून लिहिते. वय 44. मागच्या महिन्यात एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची रक्ततपासणी, 6.1 आली. 5.7 ते 6.4 म्हणजे मधुमेहाचा उंबरठा, म्हणून डॉक्टर म्हणाले गोळी नको, आधी खाणं आणि चालणं सांभाळा.

चालणं जमलं. रोज सकाळी अंबाझरीला 40 मिनिटं. रात्री ज्वारीची भाकर, भाजी जास्त. घोडं अडलंय ते बक्षिसापाशी. आठवडा नीट गेला की शनिवारी बर्डीवरून पाव किलो संत्रा बर्फी आणते. आता शनिवारची बुधवारवर आली आहे. मुलालाही तेच लावलं: गणिताचा पेपर चांगला गेला, चॉकलेट.

हे कुठून आलं ते मला ठाऊक आहे. बाबा एम्प्रेस मिलमध्ये होते. पगाराच्या दिवशी इतवारीतून पेढ्यांचा पुडा यायचा. बाबा दोऱ्याची गाठ कधी तोडत नसत, नखानं हळूहळू सोडवायचे, दोरा बोटाला गुंडाळून ठेवायचे. आम्ही तिघं भावंडं भोवती बसून बघायचो. पेढा वाट्याला एकच यायचा. ते सोडायचं म्हटलं की बाबांनाच नाही म्हटल्यासारखं वाटतं. तुम्ही काय केलंत?

धरमपेठची आहारतज्ज्ञ:
ताई, आधी आकडा सांगते. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, वरून घातलेली साखर रोजच्या उष्मांकाच्या 10 टक्क्यांच्या आत हवी, 5 टक्क्यांच्या आत असेल तर उत्तम. 2000 कॅलरीच्या आहारात 5 टक्के म्हणजे 25 ग्रॅम, साधारण सहा लहान चमचे. मध आणि फळांचा रसही त्यातच मोजायचा. तुमचा चहा किती वेळा होतो तेही बघा, बर्फीच्या आधीच चार चमचे तिथे गेलेले असतात.

पण मला तुमच्या मुलाचं जास्त वाटतं. "भाजी संपव, मग चॉकलेट" म्हटलं की भाजी ही शिक्षा आणि चॉकलेट हेच खरं खाणं, असं लेकरू शिकतं. त्याला चॉकलेट द्या, पण कशाच्याही बदल्यात नको. तुम्हीही बर्फी खा. जेवणानंतर एक तुकडा, मग दहा मिनिटं चाला. घरात पाव किलो आणू नका.

काटोलकडचा शेतकरी:
ताई, मी 20 वर्षांपासून शुगरवाला आहे. बर्फीत संत्रं किती न् साखर किती, पाहा ना बाप्पा! आता संत्र्याचा अंबिया बहाराचा माल येऊन राहिला. कळमना मार्केटातून किलोभर आणा, घरी सोला. रस काढू नका, रस काढला तं चोथा निघून जाते न् तीन संत्री एका घोटात पोटात जातात. फोडी करून खाल्ल्या तं एकातच मन भरते. मी दोन जेवणांच्या मधात एक खातो, जास्त नाही. आपलं शुगरचं मीटर पाहून ठरवा.

महालातली शिक्षिका:
मला थोडं वेगळं वाटतं. तुम्ही पेढ्यापेक्षा त्या दोऱ्याबद्दलच जास्त लिहिलंय. बाबा घरी आलेत, सगळे गोल करून बसलेत, कोणाला कुठं जायची घाई नाही. तुमच्या पोराला यातलं काय मिळतं? चॉकलेट तर तो एकटाच खात असेल. त्यालाच विचारा ना, त्याला काय हवं आहे.

मनीषनगरची आई:
काल विचारलं. त्यानं क्षणभरही विचार केला नाही. म्हणाला, "मेट्रोनं ऑटोमोटिव्ह चौकापर्यंत जाऊ, तू फोन पर्समध्ये ठेवायचा." ऐकून गलबलून आलं ताई, तुम्ही बरोबर होत्या. रविवारी जातोय. डब्यात दोन संत्री नेईन.

चहातली साखर चार दिवसांपासून अर्धी केली आहे. एक मात्र अजून सुटलेलं नाही. सासूबाई 78 वर्षांच्या आहेत, नातू शाळेतून आला की पदराआडून त्याच्या हातावर गोड गोळी ठेवतात. त्यांना कसं सांगू? त्यांचं मन दुखवायचं नाहीये.

महालातली शिक्षिका:
त्यांनाही रविवारी मेट्रोत न्या. लिफ्ट आहे, त्रास होणार नाही. आणि संत्री सोलायचं काम त्यांच्याकडे द्या.