इलिनॉयमध्ये सप्रेसर (बंदुकीचा आवाज कमी करणारी नळी) कायदेशीर कसा होणार?

प्रश्न: शिकागोजवळ राहतो, नेमबाजीच्या रेंजवर जातो. ४२ राज्यांत सप्रेसर चालतो, त्यावरचा फेडरल २०० डॉलर टॅक्सपण २०२६ पासून शून्य झाला, मग आमच्याकडेच घोडं कुठे अडलंय?

कानसेन: दोन्ही सभागृहं डेमोक्रॅट्सची, गव्हर्नरपण त्यांचाच, त्यामुळे "गन राइट्स" करत गेलात की बिल कमिटीतच गार. मिनेसोटा बघा, २०१५ ला गव्हर्नर डेटन डेमोक्रॅट, आधी व्हेटो करणार म्हणत होते, शेवटी सही केलीच. कान वाचवण्याचा मुद्दा धरा, शिकारी पुढे करा.

रविवारचा_नेमबाज: +१. सिनेमातलं फुस्स वगैरे खोटं आहे, आवाज २०-३० डेसिबल कमी होतो, तरी दणकतोच. आमदाराला रेंजवर नेऊन ऐकवा ना!

तिखट_मीठ: आणि व्हर्जिनिया बीचचा २०१९ चा गोळीबार? हल्लेखोराकडे सप्रेसर होता, विरोधक पहिल्याच सुनावणीत काढतील. त्याला उत्तर काय?