मुग्धाची 'मग्डा' का होते?

मांजराकाठ (लातूर):
माझी मुलगी मुग्धा लातुरात घरी बसून एका परदेशी कंपनीचे काम करते. तिचे इंग्रज सहकारी आठ महिन्यांपासून तिला 'मग्डा' म्हणतात. चूक दाखवली की अगत्याने क्षमा मागतात आणि पुढच्याच वाक्यात पुन्हा 'मग्डा' म्हणतात. जीभ वळत नाही असे समजावे की बेपर्वाई?

परभणीचा मास्तर:
ताई, यात दोन निराळ्या गोष्टी आहेत. 'धा'चा 'डा' होतो तो जिभेमुळे, कारण इंग्रजीत महाप्राण 'ध' नाही आणि त्यांची जीभ दातांऐवजी वरच्या हिरडीला टेकत असल्याने तो उच्चार आपल्या कानाला 'ड' वाटतो. 'मु'चा 'म' मात्र लिपीमुळे होतो; 'उ' त्यांना उत्तम म्हणता येतो. आपले शब्द रोमन लिपीत लिहिण्याच्या, एकोणिसाव्या शतकात रूढ झालेल्या हंटर पद्धतीत 'यू' हे अक्षर उकारासाठी येते आणि आपण नावे साधारण त्याच वळणाने लिहितो, पण इंग्रज वाचक तेच अक्षर 'कप'मधल्यासारखे अकारी वाचतो. ('पंजाब' या नावाच्या रोमन लेखनात हे अकारी 'यू' अजून टिकून आहे.) माझ्या आडनावातला 'ळ' तर रोमन लिपीत शिरतानाच गळतो, त्याचा दोष मी साहेबाला कसा देऊ?

भोकरदनकर:
आमच्याजवळच्या असई गावी २३ सप्टेंबर १८०३ रोजी इंग्रज सेनापती वेलस्लीची आणि शिंदे-भोसल्यांच्या फौजांची लढाई झाली. ज्या पलटणींनी गावाचे नाव निशाणावर मिरवले, त्यांच्या तोंडी ते 'असाय' झाले. आपल्या वाडवडिलांनीही एल्फिन्स्टन या इंग्रज गव्हर्नराचा 'अल्पिष्टन' केलाच की. 'अल्प' आणि 'इष्ट' हे ओळखीचे शब्द कानाला सापडले असावेत. तरीही मास्तरांशी मी पूर्ण सहमत नाही. लेखी नाव वाचून पहिल्यांदा चुकणे समजू शकते, परंतु आठ महिने कानांनी ऐकूनही डोळ्यांवरच विसंबणे ही बेपर्वाईच आहे.

मांजराकाठ (लातूर):
दोघांचेही आभार. मास्तरांचे उत्तर वाचून मुलीने बैठकीत दिसणाऱ्या नावात 'यू'च्या जागी दोन 'ओ' घातले. आज सकाळपासून तिला 'मूग्डा' अशी हाक येते आहे. आमच्या सासूबाई विचारत होत्या, ते साहेब सारखी मुगाची डाळ का मागतात?