एक्सएफसीईचा मेन्यू: नोंदी लपवणे, मराठी नावे देणे आणि नवा प्रोग्रॅम न दिसणे

प्रश्न: वाचनकट्टा

नमस्कार. आमच्या गावातील सार्वजनिक वाचनालयाला देणगीत ६ जुने संगणक मिळाले आहेत. प्रत्येकात ४ जीबीच रॅम असल्यामुळे मी त्यांवर डेबियन १२ ही लिनक्स प्रणाली आणि त्यासोबत येणारे एक्सएफसीई ४.१८ हे हलके डेस्कटॉप (खिडक्या, पॅनेल आणि मेन्यू दाखवणारा भाग) बसवले असून भाषा मराठी ठेवली आहे. संगणक उत्तम चालतात. अडचण मुख्य मेन्यूची आहे. आमच्याकडे येणारे बहुतेक वाचक एकतर शाळकरी मुले आहेत किंवा निवृत्त मंडळी, आणि त्यांना लागणाऱ्या गोष्टी आठ-दहाच आहेत. त्या शोधण्यासाठी त्यांना सेटिंग्ज आणि सिस्टिम या विभागांतील अनोळखी नावांच्या गर्दीतून वाट काढावी लागते.

म्हणून मी मेन्यू सुटसुटीत करायला घेतला आणि चार ठिकाणी अडकलो. पहिली गोष्ट अशी की, /यूएसआर/शेअर/ॲप्लिकेशन्स या फोल्डरमधील काही .डेस्कटॉप फाइली (मेन्यूतील प्रत्येक नोंदीची एक) मी सुडो, म्हणजे प्रशासकाचे अधिकार, वापरून बदलल्या. दोन आठवडे सर्व ठीक होते, परंतु अपडेटनंतर लपवलेल्या काही नोंदी पुन्हा हजर झाल्या. दुसरी गोष्ट पीडीएफची. ‘ॲट्रिल’ हा पीडीएफ वाचण्याचा प्रोग्रॅम मेन्यूतून उघडला की रिकामी खिडकी येते आणि वाचक गोंधळतात, म्हणून मी त्याच्या फाइलीत ‘हिडन’ ही ओळ घालून तिला ‘ट्रू’ केले. नोंद गेली, मात्र आता फोल्डरमधील पुस्तकावर दोनदा क्लिक केले की चित्रे संपादित करणारा गिंप उघडतो आणि कोणती पाने आयात करायची असे विचारतो. एका आजोबांनी सर्व पाने निवडली, आणि संगणक पंधरा मिनिटे जागचा हलला नाही.

तिसरे असे की, कॅल्क्युलेटरच्या फाइलीतील ‘नेम’ या ओळीत मी ‘हिशेब करा’ असे लिहिले, तरी मेन्यूत जुनेच नाव दिसते. आणि चौथे म्हणजे, एका संगणकावर मी इंटरनेटवरून उतरवलेली तयार मेन्यू फाइल .कॉन्फिग/मेन्यूज या फोल्डरमध्ये ठेवली होती. त्यानंतर तेथे टंकलेखन शिकवणारा ‘क्लावारो’ बसवला, तो टर्मिनलमधून चालतो, पण मेन्यूत कोठेच दिसत नाही. हे सर्व नीट करण्याचा योग्य मार्ग कोणता? सहाही संगणकांवर तेच काम पुन्हा पुन्हा करावे लागणार नाही, असा मार्ग असल्यास अधिक बरे.

उत्तर: पेंग्विनवाडी

आपल्या चारही अडचणींचे मूळ एका जागी आहे. एक्सएफसीईचा मेन्यू दर वेळी सुट्या फाइलींतून जुळवला जातो, आणि एकाच नावाची फाइल दोन फोल्डरांत सापडली तर कोणती धरायची याचा क्रम ठरलेला आहे. जुळवणीचे हे काम २०११ मध्ये आलेल्या ४.८ आवृत्तीपासून ‘गार्सोन’ नावाची लायब्ररी करते (आपल्या वाचनालयातली नव्हे). फ्रेंचमध्ये हॉटेलातील वाढप्याला गार्सोन म्हणतात, तेव्हा मेन्यू आणून देणाऱ्याचे नाव मोठे समर्पक ठेवले आहे. क्रमाचे नियम लिनक्स डेस्कटॉपांसाठी समान नियम ठरवणाऱ्या फ्रीडेस्कटॉप प्रकल्पाच्या विनिर्देशातून आलेले असल्यामुळे .डेस्कटॉप फाइलींबद्दल मी पुढे जे लिहितो आहे ते ग्नोम आणि केडीई या इतर डेस्कटॉपांनाही लागू पडते.

/यूएसआर/शेअर/ॲप्लिकेशन्स हा फोल्डर पॅकेजांच्या, म्हणजे प्रणालीने बसवलेल्या प्रोग्रॅम-संचांच्या, मालकीचा आहे. तेथील फाइलीत आपण केलेला बदल त्या पॅकेजच्या पुढच्या अपडेटपर्यंतच टिकतो, आणि आपला अनुभव तेच सांगतो. एका वापरकर्त्यापुरता बदल हवा असेल तर मूळ फाइलीची प्रत, नाव अजिबात न बदलता, त्याच्या होम फोल्डरमधील .लोकल/शेअर/ॲप्लिकेशन्स येथे ठेवून ती बदलावी. तिला सर्वांत आधी मान मिळतो. आपल्याला मात्र सर्व वापरकर्त्यांसाठी बदल हवा आहे. त्यासाठी /यूएसआर/लोकल/शेअर/ॲप्लिकेशन्स हा फोल्डर आहे. तो नसल्यास तयार करावा. शोधाच्या क्रमात तो मूळ फोल्डरच्या आधी येतो आणि पॅकेजांचे अपडेट त्याला हात लावत नाही. एका संगणकावर हा फोल्डर मनासारखा झाला की पेन ड्राइव्हवर घेऊन उरलेल्या पाचांवर उतरवावा. काही फाइली मुळातच बिघडवल्या असतील, तर ती पॅकेजे पुन्हा बसवून आधी मूळ स्थिती आणून घ्यावी.

आता ‘हिडन’विषयी. हा शब्द फसवा आहे, आणि आपण फसलेले पहिले नाही. ‘हिडन’ ट्रू असले की डेस्कटॉपच्या लेखी तो प्रोग्रॅम काढून टाकल्यासारखाच असतो. त्यामुळे पीडीएफ उघडण्यासाठीही ॲट्रिलचा विचार होत नाही, आणि पीडीएफ हाताळता येते असे सांगणारा पुढचा प्रोग्रॅम, म्हणजे आपल्याकडे गिंप, पुढे येतो. आपल्याला हवी ती ओळ ‘नोडिस्प्ले’. ती ट्रू केली की नोंद मेन्यूतून जाते, पण फाइलींशी असलेले त्या प्रोग्रॅमचे नाते शाबूत राहते. एवढे करूनही गिंपच उघडला, तर एखाद्या पीडीएफवर उजवे क्लिक करून ॲट्रिलला कायमचा प्रोग्रॅम ठरवून टाकावे. आजोबांबद्दल वाईट वाटले.

कॅल्क्युलेटरच्या फाइलीत ‘नेम’ च्या अनेक ओळी असतील. त्यांतील चौकटी कंसात ‘एमआर’ हा मराठीचा संकेत असलेली ओळ शोधावी. सत्राची भाषा मराठी असताना तीच वापरली जाते आणि संकेत नसलेली ओळ वाचलीही जात नाही.

राहिला क्लावारो. .कॉन्फिग/मेन्यूज येथे मूळ नावाने ठेवलेली फाइल /ईटीसी/एक्सडीजी/मेन्यूज येथील फाइलीला पूर्णपणे झाकते. उतरवलेल्या अशा तयार फाइलींत बहुधा प्रत्येक प्रोग्रॅमचे नाव एकेक करून लिहिलेले असते, त्यामुळे लेखकाच्या संगणकावर जे नव्हते ते आपल्याकडेही दिसत नाही. मूळ फाइलीत याची सोय आहे: विभाग .डेस्कटॉप फाइलींतील ‘कॅटेगरी’च्या ओळीवरून भरतात, आणि जे कोणत्याच विभागात बसत नाही ते ‘इतर’मध्ये पडते. उतरवलेली फाइल बाजूला काढून ठेवा, लॉगआउट करून पुन्हा लॉगिन करा. क्लावारो शिक्षण विभागात दिसला पाहिजे. मेन्यूचा साचाच बदलायचा असेल, तर नव्या फाइलीत ‘मर्जफाइल’ हा टॅग ‘पॅरंट’ या प्रकाराने देऊन मूळ मेन्यू आधी ओढून घ्यावा आणि त्याखाली फक्त आपले फरक लिहावेत.

उत्तर: सुटसुटीत

वरील उत्तराशी मी सहमत आहे, परंतु इतक्या नोंदी लपवण्याची गरज आहे का, असा प्रश्न मला पडतो. मी एका शाळेच्या संगणक खोलीत हा उद्योग केला आणि वर्षभराने सोडला, कारण जिज्ञासू मुलांना हवे असलेले प्रोग्रॅम आम्हीच दडवून बसलो होतो. त्यापेक्षा पॅनेलवर व्हिस्कर मेन्यू (शोधाची सोय असलेला एक्सएफसीईचा पर्यायी मेन्यू) ठेवावा. तो उघडताच पहिल्यांदा ‘आवडते’ची यादी दिसते. तीत आपल्या आठ-दहा गोष्टी ठेवल्या की निवृत्त मंडळींना पुढे जावेच लागत नाही, आणि ज्याला पुढे जायचे आहे त्याला बाकीचे विभाग शेजारीच सापडतात. सुपर कळ (विंडोजचे चिन्ह असलेली) दाबल्यावर हा मेन्यू उघडेल असे कीबोर्डच्या सेटिंग्जमध्ये जोडून द्यावे.

दुसरे म्हणजे, मेन्यूतून टर्मिनल किंवा सेटिंग्ज लपवणे म्हणजे कुलूप लावणे, असे कृपया समजू नये. ऑल्ट आणि एफ२ दाबून ज्याला प्रोग्रॅमचे नाव ठाऊक आहे तो ते चालवणारच. वाचकांसाठी सुडोचे अधिकार नसलेले वेगळे खाते ठेवणे हा त्यावरचा उपाय आहे, आणि तो मेन्यूपेक्षा आधी करायचा.

उत्तर: शब्दवेल्हाळ

नावे मराठीत देणारच असाल, तर ‘हिशेब करा’ ही आपली धाटणी फार चांगली आहे, ती सगळीकडे चालवावी: ‘पत्र लिहा’, ‘टंकलेखन शिका’, ‘इंटरनेट पाहा’. ‘वेब न्याहाळक’ असे नाव अचूक असेलही, पण ते वाचून कोणी क्लिक केल्याचे मी पाहिलेले नाही. मूळ नावही हरवू देऊ नये, ते ‘कॉमेंट’ या ओळीत ठेवावे, म्हणजे माउस नोंदीवर थांबला की दिसते. त्या ओळीलाही ‘एमआर’चा संकेत हवाच. व्हिस्कर मेन्यूच्या अलीकडच्या आवृत्त्या शोधताना ‘कीवर्ड्स’ची ओळही पाहतात, तीत ‘बेरीज’, ‘वजाबाकी’, ‘हिशोब’ असे शब्द अर्धविरामाने तोडून घातले की मुलांनी काहीही टाइप केले तरी कॅल्क्युलेटर सापडतो. ‘हिशेब’ आणि ‘हिशोब’ दोन्ही घाला. आमच्याकडे त्यावरून वाद झाला होता.

विभागांची नावे .डेस्कटॉप फाइलींत नसतात. ती /यूएसआर/शेअर/डेस्कटॉप-डिरेक्टरीज येथील .डिरेक्टरी फाइलींत असतात, आणि /यूएसआर/लोकलची युक्ती तेथेही चालते. एखादे भाषांतर निव्वळ चुकीचे वाटले, तर ते आपल्यापुरते बदलून थांबू नये. एक्सएफसीईची भाषांतरे ट्रान्सिफेक्स या भाषांतराच्या संकेतस्थळावर होतात. तेथे केलेली दुरुस्ती पुढच्या आवृत्तीत सर्वांना मिळू शकते.

वाचनकट्टा (मूळ प्रश्नकर्ता)

आपणा तिघांचेही आभार. शनिवारी दुपारी बसून एका संगणकावर सर्व करून पाहिले. उतरवलेली मेन्यू फाइल काढताच क्लावारो शिक्षण विभागात दिसला. ॲट्रिलला ‘नोडिस्प्ले’ केले आणि पुस्तके पुन्हा त्यातच उघडू लागली. ‘सुटसुटीत’ यांचा सल्ला मी अर्धा मानला: वेगळे खाते केले, व्हिस्कर मेन्यूही लावला, पण लिबरऑफिसच्या नोंदींपैकी रायटर आणि कॅल्क सोडून बाकीच्या लपवल्याच, कारण ‘मॅथ’ हे नाव वाचून मुले गणिताच्या अपेक्षेने तेथे जातात आणि सूत्रे लिहिण्याच्या खिडकीत अडकतात.

एक नवी अडचण आली आहे. पुस्तकांचा फोल्डर थेट उघडणारी एक नोंद मी स्वतः लिहिली. ‘एक्झेक’च्या ओळीत थूनार (फाइल व्यवस्थापक) आणि पुढे टिल्डाने (~, म्हणजे होम फोल्डरचे लघुरूप) सुरू होणारा मार्ग दिला. नोंद दिसते, पण क्लिक केल्यावर असा फोल्डर नाही असा संदेश येतो. टर्मिनलमध्ये हीच आज्ञा चालते.

उत्तर: पेंग्विनवाडी

टिल्डाचा अर्थ शेल (टर्मिनलमधील आज्ञा वाचणारा प्रोग्रॅम) लावते, आणि ‘एक्झेक’ची ओळ शेलमधून जात नाही, त्यामुळे थूनार खरोखरच टिल्डा नावाचा फोल्डर शोधत बसतो. /होमपासून सुरू होणारा पूर्ण मार्ग लिहावा. सहाही संगणकांवर वाचकांच्या खात्याचे नाव एकच ठेवले तर तीच फाइल सगळीकडे चालेल. पेन ड्राइव्हवर घेण्यापूर्वी प्रत्येक फाइल ‘डेस्कटॉप-फाइल-व्हॅलिडेट’ या आज्ञेने तपासून घ्यावी. ‘कीवर्ड्स’च्या शेवटी अर्धविराम द्यायचा राहून गेला असेल तर ती लगेच सांगते.