क्रेब्स सायकल: आधी बाटली की आधी फळा?

कृष्णाकाठ: सांगलीत बीएस्सीला बायोकेमिस्ट्री शिकवते. माझं म्हणणं, चयापचय (पेशी अन्नातून ऊर्जा कशी काढते ते; क्रेब्स सायकल त्यातलाच टप्पा) आधी प्रॅक्टिकलला, मग फळ्यावर. परवा गटागटाला यीस्ट दिलं. एका बाटलीत साखर, दुसरीत गूळ, तिसरीत लॅक्टोज (दुधातली साखर), तोंडाला फुगे. साखर-गुळाचे फुगे तासाभरात उभे, लॅक्टोजचा लोंबकळतोय. पोरांना वाटलं आपलंच चुकलं, नवीन यीस्ट मागायला आली! बेकरीच्या यीस्टकडे लॅक्टोज फोडणारं एन्झाइमच नाही, हे भांडत भांडत काढलं त्यांनी. हेच वाक्य मी दरवर्षी लेक्चरला सांगते, एकाच्याही डोक्यात राहत नाही.

तासगावचा बेदाणा: मॅडम, फुगा फुगला म्हणजे कार्बन डायऑक्साइड आला, एवढंच कळलं. ग्लायकोलिसिसच्या, म्हणजे ग्लुकोज फोडण्याच्या, १० पायऱ्या कुठल्या बाटलीत दिसल्या? क्रेब्सनं १९३७ला चक्र मांडलं ते कबुतराच्या छातीच्या स्नायूवर, मॅलोनेट हे एन्झाइम रोखणारं रसायन घालून वाट अडवून. आपल्याकडे ६० पोरं आणि चालू वॉटर बाथ एक. जर्नल मागच्या बॅचचं उतरवतात ते वेगळंच.

कृष्णाकाठ: वॉटर बाथचं खरंय. मी घरून थर्मासात कोमट पाणी नेते, काय करणार. पण वाट अडवणं आपल्यालाही जमतं की! एका बाटलीत सोडियम फ्लोराइड घाला, फुगा मंदावतो. एनोलेज हे एन्झाइम अडतं, म्हणजे तुमच्या १० मधली ९वी पायरी. (विषारी आहे, मी स्वतःच मोजून घालते.)

मळीवाला: साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत आहे. नवीन पोरं येतात, चक्र तोंडपाठ. मळीची टाकी गार का ठेवावी लागते विचारलं की गप्प. यीस्टला एका ग्लुकोजमागे २ एटीपी (पेशीचं ऊर्जेचं चलन) मिळतात, बरीचशी ऊर्जा अल्कोहोलमध्येच राहते, काही उष्णता होऊन जाते. टाकीला हात लावला असता तर कळलं असतं.

तासगावचा बेदाणा: टाकी तापते हे हाताला कळलं, २ एटीपी हाताला कळले का? ते पुस्तकातूनच ना? मग आधी फळा.

अजिंक्यताऱ्याखाली: यीस्ट राहू द्या, मोड आलेली मटकी थर्मासात भरा, शेजारच्या थर्मासात उकडलेली. दुसऱ्या दिवशी थर्मामीटर लावा, मोडाची जिवंत मटकी तापलेली दिसते. फक्त उकडलेली आंबली तर तीही तापते. आमचा तसा पचका झालाय, साहेबांसमोर.

कृष्णाकाठ: तापू दे की! ती का तापली यावरच अख्खा तास जाईल. सोमवारी मटकी नेते.

तासगावचा बेदाणा: न्या. मंगळवारी युनिट टेस्ट आहे, चक्रावर.