अनुभव धागा : फोनवरची नोकरीची मुलाखत

आयटी, विमा, बँका, औषधविक्री अशा अनेक क्षेत्रांत उमेदवारांची पहिली चाळणी आता फोनवरच होते. समोर चेहरा नसल्यामुळे ऐकणाऱ्याच्या हाती आवाज आणि उत्तराची मांडणी एवढेच उरते. ‘आत्मविश्वास बाळगा’ हा सल्ला सगळीकडे मिळतो, तेव्हा तो येथे नको. आपण नेमके काय केले किंवा पलीकडे बसून नेमके काय ऐकले, ते लिहावे, अशी विनंती आहे. सुरुवात मीच करतो.

पुणे, भरती विभागात नोकरी

पहिला फोन करताना माझ्यापुढे एक तक्ता उघडा असतो: एकूण अनुभव, सध्याचा सीटीसी (कंपनी वर्षाला आपल्यावर करते तो एकूण खर्च), अपेक्षा, नोटीस पीरियड (राजीनाम्यानंतर काम करावे लागणारे दिवस), गाव बदलण्याची तयारी. ‘नोटीसचे बघू, कमी होईल’ हे उत्तर त्या तक्त्यात भरता येत नाही. ‘90 दिवसांची आहे, पण शिल्लक रजा आणि बायआउट धरून 60 दिवसांत येऊ शकेन’ हे (बायआउट म्हणजे उरलेल्या दिवसांचे पैसे भरून लवकर सुटणे) भरता येते, आणि पुढे साहेबांना तेच वाचून दाखवता येते. पगाराचा आकडा सांगताना त्यात व्हेरिएबल, म्हणजे कामगिरीनुसार कमी-जास्त होणारा भाग, किती आणि हातात किती पडतात, हे आधीच कागदावर मांडून ठेवावे.

दुसरी गोष्ट शांततेची. उमेदवाराचे उत्तर संपल्यावर मी टंकत असतो, म्हणून काही क्षण गप्प असतो. ती शांतता नापसंतीची आहे असे समजून कितीतरी जण पुन्हा बोलू लागतात आणि नेटके दिलेले उत्तर पातळ करून टाकतात. उत्तर पूर्ण झाले असेल तर थांबावे. फार तर ‘आणखी तपशील सांगू का?’ एवढे विचारावे.

रत्नागिरी जिल्हा, नुकतीच पदवीधर

आमच्या वाडीत रेंज पडवीच्या एका कोपऱ्यातच येते, आणि पावसाळ्यात तिचाही भरवसा नसतो. घरी ब्रॉडबँड असल्यामुळे मी फोनमध्ये वायफाय कॉलिंग सुरू केले आणि आदल्या दिवशी मैत्रिणीला फोन करून आवाज तपासून घेतला. मध्येच दुसऱ्या फोनची टुकटुक नको म्हणून #43# डायल करून कॉल वेटिंग बंद ठेवले. बायोडेटा छापून घेतला होता, कारण मोबाइलवरच पाहायचा तर फोन कानापासून दूर न्यावा लागतो. आईला कुकर लावू नको म्हणून सांगितले होते; तिने त्या दिवशी शेजारच्या काकूंनाही अंगणात येऊ दिले नाही! अनोळखी क्रमांक आला की कर्जवाल्यांचा समजून तोडण्याची आपल्याला सवय असते. अर्ज केल्यानंतरच्या दिवसांत मात्र प्रत्येक फोन उचलावा लागतो.

ठाणे, दूरसंचार क्षेत्रातून निवृत्त

साध्या फोनवरून साधारण 300 ते 3400 हर्ट्झ एवढ्याच पट्ट्यातला आवाज जातो. ‘स’ आणि ‘फ’ यांना वेगळे ओळखू देणारा बराचसा भाग त्याच्या वर असतो, त्यामुळे ईमेलचा पत्ता सांगताना ‘एफ’चा ‘एस’ होतो. दोन्ही टोकांना व्होल्टीची (4जी नेटवर्कवरून होणाऱ्या कॉलची) एचडी सोय असेल तर हा पट्टा सुमारे 7000 हर्ट्झपर्यंत वाढतो, पण पलीकडे काय आहे हे आपल्याला ठाऊक नसते. म्हणून अक्षरे ‘एफ फॉर फादर’ अशी सांगावीत आणि आकडे सुटे सुटे उच्चारावेत. इंग्रजीत सिक्स्टीन-सिक्स्टी आणि मराठीत एकोणसाठ-एकोणसत्तर यांचा घोळ मी नोकरीभर ऐकला आहे.

मुंबई, परिचारिका

ब्रिटनमधील रुग्णालयासाठी पहिली फेरी फोनवर झाली. तेथील घड्याळे मार्च आणि ऑक्टोबर महिन्यांच्या शेवटच्या रविवारी बदलतात आणि आपल्यातला फरक उन्हाळ्यात साडेचार तासांचा, तर हिवाळ्यात साडेपाच तासांचा होतो. त्यामुळे मी वेळ भारतीय घड्याळानुसार ईमेलवर लिहून मागितली होती. ‘रुग्णाची प्रकृती अचानक बिघडली तर काय कराल?’ असा प्रश्न येणार हे सहकाऱ्यांनी सांगितले होते, आणि तो आलाच. मी श्वासमार्ग, श्वसन, रक्ताभिसरण, शुद्ध आणि शेवटी संपूर्ण शरीराची तपासणी या ठरलेल्या क्रमाने बोलत गेले, आणि मदतीसाठी हाक केव्हा देईन व नोंद कोठे करीन तेही सांगितले. समोरच्या बाई मध्येच थांबवून ‘ऑक्सिजन किती होता?’ असे विचारत होत्या, तरी पुढची पायरी माहीत असल्यामुळे धागा सुटला नाही. ही उत्तरे पाठ केलेली नव्हती. वॉर्डात रोज जे करतो तेच आठवड्याभर संध्याकाळी मोठ्याने बोलून पाहिले होते. वाचून दिलेले उत्तर फोनवर लगेच कळते, असे बाईंनीच नंतर सांगितले.

नागपूर, पालक

भाच्याची पाच मिनिटांची फोन-मुलाखत झाली, तेथल्या तेथे निवड झाली आणि लॅपटॉपसाठी ‘परत मिळणारी’ अनामत मागण्यात आली. त्याने कंपनीच्या अधिकृत ईमेलवरून पत्र पाठवा म्हणताच फोन बंद झाला. पैसे गेलेच असतील तर 1930 या सायबर मदतक्रमांकावर ताबडतोब कळवावे. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम गोठवली जाण्याची शक्यता अधिक असते.