राजाराणीसमोर 'प्रेझेंट' होणाऱ्या त्या पिसंवाल्या मुली, नक्की काय प्रकार होता हा?

अवखळ_अनु:
सध्या सातव्या एडवर्डच्या काळातल्या लंडनबद्दल वाचतेय. त्यात सारखं येतं की अमक्या लॉर्डच्या मुलीला या सीझनला बकिंगहॅम पॅलेसमध्ये प्रेझेंट केलं. फोटोत सगळ्या पांढऱ्या गाऊनमध्ये, डोक्यात तीन पिसं खोचलेली आणि मागे हे एवढं लांब कापड लोळतंय. राजाला नुसतं वाकून दाखवायचं तर त्याची एवढी तयारी कसली? आणि आत कुणाला घ्यायचं ते ठरवायचं कोण, पैसेवाल्या व्यापाऱ्याची मुलगी गेली तर चालायचं का? माझी रूममेट म्हणते कांदेपोहेच गं, फक्त पोह्यांच्या जागी शॅम्पेन. मला काही ते पटत नाहीये.

पेठेतला_पाहुणा:
रूममेट अर्धी बरोबर आहे. लग्न जमवणं हाच हेतू, पण कांदेपोह्यात मुलगा बघायला घरी येतो, इथे आधी मुलीला वरच्या वर्तुळात अधिकृत एन्ट्री मिळवून द्यायची आणि मग मे ते जुलै रोज कुठे ना कुठे मिरवायचं. बॉल, अ‍ॅस्कॉटच्या शर्यती, हेन्लीच्या बोटी, लॉर्ड्सवर ईटन-हॅरो या शाळांची मॅच (क्रिकेट बघायला किती जण जायचे देव जाणे). तोपर्यंत ती घरात 'लहान', म्हणजे केस मोकळे, झगा आखूड, मोठ्यांच्या पंगतीत जागा नाही. आणि एकदम सतरा-अठराव्या वर्षी केस वर बांधायचे नि बाई व्हायचं.

तयारी लागायची कारण ते वाकणं फार अवघड होतं. डावा पाय उजव्याच्या मागे नेऊन गुडघ्यात गुडघा अडकवायचा आणि पाठ ताठ ठेवून सरळ खाली जायचं, डगमगायचं नाही, तेही डोक्यावर शहामृगाची पिसं नि जाळीची ओढणी (veil), हातात फुलं किंवा पंखा, आणि खांद्यापासून तीन यार्डांची ट्रेन, म्हणजे तेच मागे लोळणारं कापड. आतल्या खोल्यांमध्ये ताटकळताना ती ट्रेन डाव्या हातावर घडी करून धरायची, दारात आलं की तिथले सेवक काठीच्या टोकाने ती मागे पसरून देणार, मग लॉर्ड चेंबरलेन (राजदरबाराचा मोठा अधिकारी) नाव वाचणार, एकदा राजापुढे एकदा राणीपुढे वाकायचं, पाठ न दाखवता बाजूला सरकत निघायचं, ट्रेन पायात आली तर संपलंच! सगळं मिळून मिनिटभर पण नाही. गळा खोल पाहिजेच असा नियम होता, तब्येत नाजूक म्हणून झाकलेला ड्रेस घालायचा असेल तर त्याची वेगळी परवानगी. पुढे तर मॅडम व्हकानी म्हणून एक डान्स टीचर हे वाकणं शिकवण्यासाठीच फेमस झाली.

सायली_लिहिते:
व्यापाऱ्याच्या मुलीचं सांगते, कारण खरी गंमत तिथेच आहे. मुलगी स्वतः अर्ज करू शकायची नाही. जी बाई आधी स्वतः प्रेझेंट झालीय तीच दुसरीला नेऊ शकते, बहुतेक आई, नाहीतर आत्या-मावशी. म्हणजे आई आत गेलेली असेल तर मुलगी जाणार, सासू गेलेली असेल तर सून. साखळीच. घटस्फोटितेला बंदी. शिष्टाचाराच्या जुन्या पुस्तकांत तर चक्क लिहिलेलं असायचं की बँकर, कारखानदार, मोठा व्यापारी यांच्या घरच्या चालतील पण किरकोळ दुकानदाराच्या नाही. माल जहाजाने विकला तर तुम्ही सभ्य, तागडीने विकला तर नाही :D

पण साखळी म्हटली की दलाली आलीच. किताब मोठा नि तिजोरी रिकामी अशा बऱ्याच लेडीज पैसे घेऊन अमेरिकन नाहीतर नवश्रीमंतांच्या मुलींना 'आपली' म्हणून घेऊन जायच्या, सीझनभर सांभाळायच्या, पाहुण्यांच्या याद्यांत नाव घुसवायच्या. सगळ्यांना माहीत असायचं नि कुणी बोलायचं नाही. आणि खुद्द एडवर्डच्या खास दोस्तांत आपल्या मुंबईच्या ससून डॉकवाल्या घराण्यातले ससून बंधू होते, मग दारावरचा पहारेकरी कितपत कडक राहणार सांगा.

अवखळ_अनु:
पैसे घेऊन!! हे भारीये. मग कुणी आत जाऊन कधी गोंधळ नाही का घातला?

सायली_लिहिते:
घातला ना, 4 जून 1914. मेरी ब्लूमफील्ड, बाप नावाजलेला आर्किटेक्ट सर आर्थर ब्लूमफील्ड, म्हणजे यादीत बसणारं घर. पाचव्या जॉर्जपुढे आली, गुडघ्यावर बसली आणि मोठ्याने म्हणाली की तुरुंगातल्या बायकांना जबरदस्तीने नळीने भरवणं थांबवा. मताच्या हक्कासाठी उपोषण करणाऱ्या सफ्राजेट्सना तसं भरवत होते. तिला लगेच उचलून बाहेर नेलं. मला वाटतं पिसं-बिसं घालून तिथपर्यंत पोचणं हाच तिचा मास्टरस्ट्रोक, बाहेर घोषणा देणारीला राजा कुठला ऐकतोय.

बडोद्याचा_बंड्या:
पाठ न दाखवण्यावरून आमचे सयाजीराव आठवले. डिसेंबर 1911, दिल्ली दरबार, हाच पाचवा जॉर्ज. सगळे संस्थानिक वाकून मागे मागे सरकत जातायत आणि महाराज जुजबी वाकून पाठ फिरवून चालायला लागले. त्याची फिल्म होती, ती लंडनमध्ये दाखवली नि तिथल्या पेपरांनी आकाशपाताळ एक केलं. महाराजांनी व्हाइसरॉयला खुलाशाचं पत्र लिहिलं. मुद्दाम केलं की गडबडीत झालं यावर आमच्याकडे अजून वाद घालतात, मी मुद्दामवाल्या पार्टीत.

पेठेतला_पाहुणा:
बंड्या +1. अनु, अजून एक, मुंबईचा संबंध आहे म्हणून. दोन-तीन सीझन होऊनही ज्यांचं जमायचं नाही त्यांतल्या काहींना घरचे थंडीच्या दिवसांत बोटीने हिंदुस्थानात पाठवायचे, कुणा काकाकडे नाहीतर विवाहित बहिणीकडे, कारण इथे गोरे ऑफिसर भरपूर नि गोऱ्या मुली कमी. या मुलींच्या टोळीला 'फिशिंग फ्लीट' म्हणायचे. बोट मुंबईला लागायची. त्यातल्या त्यात आयसीएसवाल्याला (इंडियन सिव्हिल सर्व्हिसमधला सरकारी अधिकारी) भाव जास्त, तो म्हणे मेला काय नि जगला काय वर्षाला 300 पौंडांचा, म्हणजे विधवेला पेन्शन पक्कं. आणि हात हलवत परत जाणारीला 'रिटर्न्ड एम्प्टीज', रिकाम्या बाटल्या! हे नाव ठेवणारे बहुधा क्लबात बसलेले तेच बिनलग्नाचे ऑफिसर असणार.

अवखळ_अनु:
ई, काय घाण नाव आहे. बरं हे बंद कधी झालं?

सायली_लिहिते:
1958. एलिझाबेथ राणीने बंद केलं. आदल्या वर्षी जाहीर केलं की हे शेवटचं, तर राहिलेल्यांची अशी झुंबड उडाली की विचारू नकोस.