वकील-सीएंच्या कार्यालयाला ‘स्वतःचा सुगंध’ हवाच कशाला?

खडूस लेखापाल (धागाकर्ता)
काल एका ब्रँडिंग सल्लागारांची पोस्ट वाचली आणि गप्प बसणे अशक्य झाले. त्यांचे म्हणणे असे, की सिंगापूर एअरलाइन्सने आपल्या गरम टॉवेलांना आणि वेस्टिन हॉटेलांनी आपल्या लॉबीला जसा ठरावीक सुगंध दिला, तसा वकील, सीए आणि करसल्लागार यांच्या फर्मनीही द्यावा, म्हणजे अशिलाच्या मनात ‘विश्वासाची स्मृती’ रुजेल. चंदन आणि देवदार यांचे मिश्रण त्यासाठी उत्तम, असेही त्यांनी परस्पर ठरवून टाकले आहे.

हॉटेलात माणूस सुखासाठी जातो. आमच्याकडे येणाऱ्याच्या हातात बहुधा आयकर खात्याची नोटीस असते. त्याने माझ्या सांगण्यावर शंका घ्यावी, चार उलटसुलट प्रश्न विचारावेत, यातच त्याचे हित आहे. गंधाची जाणीव मेंदूतील भावना आणि स्मृती यांच्या केंद्रांपर्यंत फार जवळच्या वाटेने पोहोचते, हे हीच मंडळी अभिमानाने सांगतात. मग अशिलाने विचार करण्याआधीच त्याला निर्धास्त करायचे, हाच यामागचा हेतू नव्हे काय?

वाळा-केवडा
लेखापालसाहेब, आपल्या कार्यालयाला आज कसलाच वास नाही, अशी आपली समजूत दिसते. माझा व्यवसायच हा असल्यामुळे सांगते. मुंबईत फोर्टमधल्या एका जुन्या फर्मने मला बोलावले होते. दार उघडताच पावसाळ्यात दमट झालेल्या फायलींचा कुबट वास आला, त्यावर सकाळच्या पूजेच्या उदबत्तीचा थर होता आणि आतल्या बाजूने डांबरगोळ्यांची भर पडत होती. एक अशील नाकाला रुमाल लावून बसले होते. भागीदारांना मात्र यातले काहीही जाणवत नव्हते, कारण रोजच्या वासाला नाक सरावते.

आणि सागवानी टेबल, भिंतीवरची चौकटीतली प्रमाणपत्रे, कातडी बांधणीचे कायद्याचे खंड हे सारे अशिलाने विचार करण्याआधीच त्याच्यावर छाप पाडण्यासाठी नसते काय? डोळ्यांना भुलवले तर ती प्रतिष्ठा आणि नाकाला सुखावले तर ती फसवणूक, हा न्याय मला समजत नाही.

अर्धशिशीग्रस्त
ताई, टेबल नको असेल तर नजर वळवता येते. श्वास कोठे वळवायचा? वडिलार्जित घराच्या वाटणीपत्रासाठी मी एका मोठ्या विधी फर्ममध्ये गेले होते. तेथे छतातल्या जाळीतून कसलासा गोडसर सुगंध सतत सोडला जात होता. मसुद्याचे तिसरे पान येईपर्यंत माझ्या उजव्या डोळ्यामागे ठणका सुरू झाला आणि उरलेला मसुदा न वाचताच सही करून बाहेर पडावे, अशी माझी अवस्था झाली. सही केली नाही, ही गोष्ट वेगळी. पण दिवस वाया गेला आणि भावाशी वाद झाला तो निराळाच.

हा केवळ माझा नाजूकपणा नव्हे. अनेक सुगंधी मिश्रणांत असणारे लिमोनीन हवेतील ओझोनशी संयोग पावले, की फॉर्मल्डिहाइड हा डोळ्यांना आणि घशाला त्रासदायक वायू तयार होतो. कॅनडातील हॅलिफॅक्स शहरात अनेक संस्थांनी सुगंधमुक्त आवाराचे धोरण केव्हाच स्वीकारले आहे. सहकाऱ्याच्या अत्तराचा त्रास झालेल्या डेट्रॉइट महापालिकेतील एका कर्मचारी महिलेला २०१० मध्ये तडजोडीत १ लाख डॉलर मिळाले होते.

तालुक्याचा वकील
मूळ प्रश्नाला अजून कोणी हात घातलेला नाही. वकिलाने काम मागू नये आणि जाहिरात करू नये, असे बार कौन्सिलचा नियम ३६ सांगतो; २००८ च्या दुरुस्तीने संकेतस्थळावर नाव, पत्ता, पात्रता असा मोजका तपशील देण्याची मुभा काय ती मिळाली. सीएंना १९४९ च्या कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतील सहावे आणि सातवे कलम अडवते. आमच्यासारख्याने पाटी जरा मोठी लावली, तरी तक्रार होते. काचेच्या मनोऱ्यातल्या फर्मनी मात्र परिसंवाद भरवावेत, क्रिकेटचे सामने प्रायोजित करावेत आणि आता हवेतूनही जाहिरात करावी! सुगंध हा ब्रँड असेल, तर ती जाहिरातच झाली. मग नियम फक्त तालुक्याच्या न्यायालयापुरते आहेत काय?

वाळा-केवडा
वकीलसाहेब, प्रत्येक धाग्यावर आपली पाटी येतेच. अशील दारातून आत आल्यावर त्याला जो वास येतो, त्याला काम मागणे कसे म्हणता येईल?

तालुक्याचा वकील
माझी पाटी आपल्याला खुपत असेल, तर आपले अत्तरही मला खुपते. वास दाराशीच थांबणार असेल, तर त्याला ब्रँड म्हणून विकता कशाला? सुमितोमो रबर या जपानी कंपनीच्या टायरांना दिलेला गुलाबाचा गंध नोव्हेंबर २०२५ मध्ये आपल्या ट्रेडमार्क कार्यालयाने नोंदणीच्या पुढच्या टप्प्यासाठी स्वीकारला. गंध कागदावर दाखवता यावा, म्हणून अलाहाबादच्या आयआयआयटीतील तज्ज्ञांनी त्याचा सात मितींचा आलेख करून दिला. उद्या एखादी विधी फर्म हाच मार्ग धरील आणि मग ‘ही जाहिरात नव्हे’ असे तोंड वर करून सांगेल.

खडूस लेखापाल
वकीलसाहेबांचा राग रास्त आहे, परंतु नियम उद्या शिथिल झाले तरी माझा आक्षेप कायम राहील. ताईंच्या टेबलाच्या मुद्द्याला मात्र उत्तर द्यायला हवे. सागवानी टेबल पाहून अशिलाला कळते, की आपल्यावर छाप पाडली जात आहे. वेळप्रसंगी तो फी कमी करा असेही त्याच टेबलाकडे बोट दाखवून म्हणतो. छतातून येणाऱ्या मंद सुगंधाकडे आजवर कोणी बोट दाखवल्याचे मला आठवत नाही.

वाळा-केवडा
अर्धशिशीग्रस्त ताईंसाठी एवढे मान्य करते, की जेथे कागद वाचायचे आणि सह्या करायच्या, त्या खोलीत काहीही सोडू नये आणि प्रवेशकक्षातही सुगंध वापरला जातो अशी सूचना लावावी. राहिला फोर्टमधल्या फर्मचा प्रश्न. त्यांना मी सुगंध विकलाच नाही. आधी भिंतीची गळती बंद करा, जुन्या फायली गोदामात हलवा आणि खिडक्या उघडा, एवढेच सांगितले.

खडूस लेखापाल
म्हणजे आपला सर्वोत्तम सल्ला आपली सेवा न घेण्याचा आहे. तो मी आनंदाने स्वीकारतो. बिल जीएसटीसह पाठवावे.

तालुक्याचा वकील
नियम ३६ बद्दलच्या माझ्या प्रश्नाला अद्याप कोणीही उत्तर दिलेले नाही, याची नोंद घ्यावी.